आई गांवचा द्राक्षमळा

फ्रान्सांत पॅरिसच्या पूर्वेस, शंभर मैलांच्या आंत, मार्न नदीच्या कांठीं एक लहानसें गांव आहे. त्याच्या नांवांत दोनच अक्षरें असून फ्रेंच लोक त्यांचा उच्चार ‘आई’ असा करतात. आमच्या घरांत हें नांव प्रथम आलें तें एका चित्राबरोबर. आमचा एक पुतण्या नोकरीच्या निमित्तानें कांहीं वर्षें फ्रान्सांत राहून आला. येतांना त्यानें आम्हांस एक छायाचित्र आणून दिलें. द्राक्षवेलींच्या रांगांजवळून एक प्रौढ बाई सायकलवर बसून चालली आहे; पोषाख साधा, पाठ ताठ, आणि मुद्रा अशी कीं वर्गांत गलका करणारा मुलगा ती पाहतांच मुकाट्यानें खालीं बसावा. चित्राखालीं पुतण्यानें लिहिलें होतें, ‘आईच्या बोलिंजरबाई’. आमच्या सूनबाईंनीं विचारलें, “कोणाच्या आईच्या?” आणि गांवाचें नांवच आई आहे हें कळल्यावर माजघरांत बराच वेळ हंशा चालला होता.

त्या बाईंचें नांव लिली बोलिंजर. १९४१ सालीं, दुसरें महायुद्ध ऐन भरांत असतांना, वयाच्या बेचाळिशीच्या सुमारास त्यांस वैधव्य आलें. पोटीं मूल नव्हतें. देशावर जर्मन सैन्याचा अंमल होता. आणि शंभराहून अधिक वर्षांचा द्राक्षमळा, त्यावर चालणारा शांपेनचा धंदा व तळघरांत पडून असलेला अनेक सालांचा माल ह्या सर्वांची जबाबदारी एकाएकीं त्यांच्यावर येऊन पडली. १८२९ सालीं सुरू झालेला तो धंदा आज दोनशें वर्षांच्या उंबरठ्यावर येऊन पोंचला असून अद्याप त्याच घराण्याच्या मालकीचा आहे, व तोहि अविभक्त आहे. ह्या शेवटच्या शब्दानेंच आमचें लक्ष वेधलें.

शांपेन म्हणजे मद्य. आमच्या घरांत तें कधीं आलें नाहीं, पुढेंहि येण्याचा संभव नाहीं. मग एका निवृत्त शिक्षकास त्याच्याशीं काय कर्तव्य, असें वाचक विचारतील. त्यांनीं प्रथम आमच्या वाडीची हकीकत ऐकावी. आमच्या पणजोबांनीं रत्नागिरी जिल्ह्यांत नारळी-पोफळींची एक वाडी उठविली. आजोबांच्या पिढींत तिचे तीन वांटे झाले, वडिलांच्या पिढींत अकरा. विहीर एक आणि मालक अकरा! पूर्वीं रहाट मोडला तेव्हां दुरुस्तीचा खर्च कोणीं सोसावा ह्याविषयीं दोन वर्षें पत्रव्यवहार चालला. तोंवर पोफळी वाळून गेल्या. एका फणसाचें बूड एकाच्या वांट्यांत व फळांनीं लगडलेली फांदी दुसऱ्याच्या; त्या फणसाचे गरे कित्येक वर्षें कोणींच खाल्ले नाहींत, वानरांनीं मात्र खाल्ले. ह्यांत दुष्ट असा कोणीच नव्हता. जो तो आपल्या न्याय्य हक्कापुरतेंच बोलत होता, आणि आम्हीहि त्यांतलेच एक. म्हणून आम्हांस प्रश्न पडला कीं, परक्या मुलखांतल्या ह्या माणसांस जें साधलें तें त्यांस कशानें साधलें?

शांपेन हें मुळांत पेयाचें नांव नसून प्रांताचें नांव आहे. जेथें पिकतें त्या देशावरून मद्यास नांव पडावें ही रीति आपल्याकडेहि फार जुनी. कौटिल्यानें द्राक्षांच्या रसापासून होणाऱ्या मद्यास ‘मधु’ अशी संज्ञा देऊन कापिशायन व हारहूरक हीं त्याचीं देशावरून पडलेलीं नांवें सांगितलीं आहेत. आणि कापिशी ह्या नगरीच्या नांवापासून ‘कापिशायन’ शब्द साधण्यासाठीं पाणिनीनें स्वतंत्र सूत्र खर्चीं घातलें आहे. फ्रेंचांनीं हीच गोष्ट कायद्यानें बांधून टाकली. १९२७ सालीं शांपेनच्या मुलखाची हद्द निश्चित झाली. त्या हद्दीबाहेरच्या द्राक्षांचें पेय कितीहि उत्तम असलें तरी त्यास हें नांव लावतां येत नाहीं.

हा मुलूख द्राक्षांस तसा अनुकूल नाहीं. थंडी इतकी कीं वसंतांतल्या एखाद्या रात्रीच्या हिमानें सारे कोंब जळून जावेत. परंतु भूमीखालीं पांढऱ्या खडूचे जाड थर आहेत. आम्ही ज्या खडूनें उभा जन्म फळ्यावर लिहिलें त्याचेच म्हणा ना! हा खडू पावसाचें पाणी शोषून ठेवतो व उन्हाळ्यांत वेलीस थोडथोडें परत देतो; त्यांतच खोल तळघरें खोदतां येतात आणि त्यांत बारा महिने सारखाच गारवा असतो. सप्टेंबरच्या सुमारास द्राक्षें पिकतात. तीं हातांनींच तोडावीं लागतात, यंत्रानें तोडण्यास मनाई आहे. आई गांवचें द्राक्ष बहुतेक काळें. पण रस पांढरा निघावा म्हणून तें फार हलक्या हातानें दाबतात. चार हजार किलो द्राक्षांतून २,५५० लिटरच रस घेण्याची मुभा आहे. त्यापुढें पिळलेला रस शांपेनसाठीं चालत नाहीं. हा रस एकदां आंबवून झाल्यावर बाटल्यांत भरतात, त्यांत थोडी साखर व किण्व घालून बाटल्या बंद करतात. आंत पुन्हां किण्वन होतें, वायु उत्पन्न होतो, आणि त्यास बाहेर पडण्यास वाट नसल्यानें तो रसांतच मुरतो. बाटलीच्या आंत ह्या वायूचा दाब इतका वाढतो कीं मोटारीच्या धांवेंत भरलेल्या हवेचा दाब त्याच्या निम्म्यानेंहि नसतो. पूर्वीं कांच कच्ची होती तेव्हां तळघरांत बाटल्या फटाक्यांच्या माळेसारख्या फुटत, व कामकरी तोंडावर लोखंडी जाळी बांधून आंत उतरत असत.

पुढचें काम केवळ थांबण्याचें. साध्या शांपेनला कायद्यानें निदान पंधरा महिने, व एकाच सालच्या पिकाच्या शांपेनला तीन वर्षें थांबावें लागतें. बोलिंजरांच्या घरीं ह्याहून पुष्कळ अधिक थांबतात. शिवाय दरसालच्या उत्तम रसाचा कांहीं भाग दुप्पट आकाराच्या बाटल्यांत बूच मारून वर्षानुवर्षें निराळा ठेवतात आणि पुढें एखादें साल अधू निघालें म्हणजे त्यांतून भर घालतात. सारांश, आज जो माल बाजारांत जातो त्यांत मागल्या कारभाऱ्याचा हात असतो, आणि आज जो भरून ठेवावयाचा तो पुढल्या कारभाऱ्यासाठीं. अशा धंद्यांत मध्येंच वांटणी आली तर वेलींचे भाग पाडतां येतील, पण अर्धवट मुरलेल्या मालाचे कसे पाडावेत? एका भावानें आपला हिस्सा तत्काळ विकावयाचा म्हटला कीं दुसऱ्याचाहि दहा वर्षांचा हिशेब कोसळलाच. अपुरा मुरलेला माल म्हणजे नुसतें आंबट पाणी, असें आमचा पुतण्या म्हणतो. त्यानें तें चाखून पाहिलें कीं काय, हें आम्हीं विचारलें नाहीं.

आतां मूळ पुरुषांकडे वळूं. विलेरमों नांवाच्या एका सरदाराकडे आई गांवच्या परिसरांत वडिलोपार्जित द्राक्षमळे होते. हा पूर्वीं आरमारांत अधिकारी होता. फ्रेंच सरदारानें आपल्या नांवानें दुकान मांडणें हें त्या काळीं कमीपणाचें समजत. आपल्याकडे इनामदारानें तराजू हातीं धरावा तसेंच तें. म्हणून त्यानें दोन माणसें जोडलीं. एक पोल रनोदां, हा फ्रेंच. दुसरा जोसेफ बोलिंजर, हा जर्मनींतील व्युर्टेंबर्गचा, शांपेनच्या व्यापारांत आधींच उमेदवारी केलेला तरुण. १८२९ च्या फेब्रुवारींत तिघांनीं मिळून पेढी काढली व तिला ‘रनोदां बोलिंजर’ असें नांव दिलें. जमीन ज्याची त्याचें नांव पाटीवर नाहीं, आणि ज्यांचीं नांवें पाटीवर त्यांची जमीन नाहीं! पुढें १८३७ सालीं बोलिंजरानें विलेरमोंच्या कन्येशीं विवाह केला आणि जमीन व नांव हीं दोन्ही एका घरांत आलीं. म्हणजे हें घराणें मुळांतच जांवयानें चालविलेलें. पुढें जोसेफ फ्रान्सचा नागरिक झाला व झाक ह्या फ्रेंच नांवानें वावरूं लागला. रनोदांच्या मागें त्याच्या घरचें कोणी धंद्यांत राहिलें नाहीं, तथापि त्याचें नांव बाटलीवरच्या चिठ्ठीवर १९८४ सालापर्यंत तसेंच छापलें जात होतें. दीडशें वर्षें परक्या भागीदाराचें नांव वागवीत राहण्यांत व्यापारी धोरण असेलहि. आम्हांस मात्र त्यांत थोडी कृतज्ञताहि दिसते.

मुलांच्या पिढींत, म्हणजे जोसेफ व झोर्झ ह्या बंधूंच्या वेळीं, विलायतेंत ह्या मालाचें चांगलें नांव झालें. १८८४ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या दरबारास माल पुरविण्याची सनद मिळाली. परंतु ह्याच काळांत साऱ्या फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांवर असें अरिष्ट कोसळलें कीं त्याच्यापुढें राजांच्या सनदा म्हणजे रद्दी कागद. अमेरिकेंतून आणलेल्या वेलींबरोबर एक सूक्ष्म किडा आला. हा आपल्या माव्याचा दूरचा भाऊबंद. पण पानांपेक्षां मुळांवर त्याचा रोख अधिक. वरून वेल हिरवी दिसावी, आणि खालीं मूळ कुजत चाललेलें असावें. १८६० नंतर दक्षिण फ्रान्सांत तो प्रथम दिसला व १८९० च्या सुमारास शांपेनमध्यें शिरला. औषधें झालीं, नवससायास झाले, कांहीं चाललें नाहीं. अखेर उपाय सांपडला तो असा कीं, ज्या अमेरिकेंतून कीड आली तेथल्याच वेलींचीं मुळें ती कीड सोसतात. तेव्हां मूळ अमेरिकन वेलीचें घ्यावें आणि त्यावर फ्रेंच वेलीचें कलम बांधावें. साऱ्या प्रांतांतल्या वेली ह्याप्रमाणें उपटून पुन्हां लावाव्या लागल्या. आपल्या नाशिक-सांगलीकडील बागाइतदार आज ‘डॉगरिज’ नांवाच्या मुळावर द्राक्षांचें कलम बांधतात, तें मूळहि अमेरिकेचेंच. मात्र आपल्याकडे त्याचा उपयोग खारट जमीन व पाण्याची टंचाई ह्यांस तोंड देण्यासाठीं होतो.

ह्या सार्वत्रिक संहारांतून बोलिंजरांचे दोन-तीन लहान तुकडे कसे कोण जाणे बचावले. आई गांवांत घराला लागूनच दोन तुकडे आहेत, एक वीसएक गुंठ्यांचा व दुसरा पंधराएक गुंठ्यांचा. तेथील वेली आजहि आपल्या स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. त्यांची लागवड जुन्या पद्धतीनें होते. रांगा नाहींत, गर्दी करून उभ्या असलेल्या वेली; नवी वेल हवी असली म्हणजे जुन्या वेलीची फांदी वांकवून मातींत पुरतात, तिला तेथेंच मुळें फुटतात, व वर नवें शेंडे येतात. आपले माळी ज्यास दाब-कलम म्हणतात तेंच हें. नांगर, घोडा व माणसाचा हात एवढ्यांवरच सारी मशागत. ह्या तुकड्यांचा निराळा माल १९६९ सालच्या पिकापासून काढूं लागले. तो थोडाच निघतो व फार महाग विकला जातो.

विसाव्या शतकाच्या आरंभीं आई गांवानें आणखी एक प्रसंग पाहिला. पीक लागोपाठ बुडालें होतें. कांहीं व्यापारी बाहेरच्या मुलखांतला स्वस्त रस आणून शांपेन म्हणून विकीत होते. ज्यांनीं वर्षभर वेलींपुढें पाठ मोडली त्या शेतकऱ्यांच्या द्राक्षांस भाव नव्हता. १९११ च्या एप्रिल महिन्यांत हजारों शेतकरी आई गांवांत घुसले. व्यापाऱ्यांचीं घरें जळालीं, तळघरें फुटलीं, रस्त्यांतून मद्याचे ओहोळ वाहिले, शेवटीं सैन्य बोलवावें लागलें. शांपेनच्या हद्दीचे कायदे पुढें झाले त्यांच्या मुळाशीं हाच संताप आहे. मोठ्या घराण्यांचे इतिहास लिहिणारे हें पान लौकर उलटतात. आम्हांस तें महत्त्वाचें वाटतें, कारण मळा घराण्याचा म्हटला तरी त्यांतील बहुतेक कष्ट घराण्याबाहेरच्याच माणसांचे असतात.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ सालीं, झोर्झचा तरुण मुलगा झाक हा कारभार पाहूं लागला. त्यानें जमीन वाढविली, तळघरें वाढविलीं, गांवाचा नगराध्यक्षहि तो झाला. १९२३ सालीं त्याचा विवाह झाला तो आमच्या चित्रांतल्या लिलीबाईंशीं.

ह्या बाईंच्या माहेराविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं, कारण त्याचा धागा हिंदुस्थानापर्यंत येतो. त्या लॉ द लोरिस्तों ह्या घराण्यांतल्या. ह्याच घराण्यांतला जाँ लॉ अठराव्या शतकांत बंगालमध्यें कासिमबाजारच्या फ्रेंच वखारीचा मुख्य होता. पुढें तो शहाआलम बादशहाच्या पक्षानें इंग्रजांशीं लढला व १५ जानेवारी १७६१ रोजीं बिहारमध्यें त्यांच्या हातीं सांपडला. ही तारीख वाचतांच मराठी वाचकाच्या काळजांत चर्र होईल, कारण पानिपत आदल्याच दिवशीं झालें होतें! नंतर हा लॉ पाँडिचेरीचा गव्हर्नर झाला, आणि १७६८ सालीं पाँडिचेरीस जन्मलेला त्याचा मुलगा नेपोलियनच्या पदरीं सेनापति होऊन पुढें फ्रान्सचा मार्शल झाला. असो, आमचा इतिहासाचा तास संपला.

लिलीबाईंस धंद्याचें शिक्षण असें कांहीं नव्हतें. पति हयात असतां त्या घर पाहत. परंतु शांपेनच्या प्रांतांत विधवेनें पेढी संभाळणें ही अगदींच नवी गोष्ट नव्हती. १८०५ सालीं वैधव्य आलेल्या क्लिको बाईंनीं सारा युरोप आपल्या मालानें भरून टाकला होता, आणि बाटलीच्या तोंडाशीं गाळ आणण्यासाठीं ती उलटी ठेवून रोज थोडी थोडी फिरविण्याची युक्ति त्यांच्याच तळघरांत सिद्ध झाली. १८५८ नंतर पोमरीबाईंनींहि तसेंच नांव मिळविलें. विधवेस तेथें स्वतःच्या नांवानें व्यवहार करण्याची कायद्यानें मुभा होती; सधवेस ती नव्हती, ही त्यांतील विसंगति ध्यानांत घेण्याजोगी आहे.

युद्धकाळांत पेट्रोल मिळेना, तेव्हां बाई सायकलवरून मळ्यांत जाऊं लागल्या. जर्मन सरकार माल उचलून नेई, माणसें कैदेंत वा सैन्यांत, बाटल्यांचा तुटवडा. १९४४ च्या उन्हाळ्यांत गांवावर बाँब पडून पुष्कळ घरें जमीनदोस्त झालीं, त्या दिवसांत बाईंचा मुक्काम तळघरांतच असे. युद्ध संपलें, पेट्रोल आलें, तरी सायकल सुटली नाहीं. मोटारींतून वेल दिसत नाहीं, हें उघडच आहे. आम्हीहि शाळेंत पायीं जात होतों तोंपर्यंतच आम्हांस कोणत्या मुलाच्या घरीं काय चाललें आहे तें कळत असे.

तीस वर्षें त्यांनीं कारभार केला. जवळच्या बिसय, ग्रोव्ह, म्युतिन्यी वगैरे गांवांतून त्यांनीं जमिनी घेतल्या, विक्री दुपटीवर नेली, परदेशांत स्वतः फिरून मालाचें नांव केलें. पण जुन्या रीति त्यांनीं सोडल्या नाहींत. इतर ठिकाणीं लोखंडी व सिमेंटच्या टांक्या आल्या, ह्यांच्याकडे ओकच्या लांकडाचीं पिंपें राहिलीं; तीं दुरुस्त करणारा कारागीर आजहि ह्या पेढीच्या पदरीं आहे, आणि असा कारागीर ठेवणारीं घरें आतां फार थोडीं उरलीं आहेत. १९५२ सालच्या पिकाचा कांहीं माल त्यांनीं गाळासह तसाच पडूं दिला व गाळ काढून १९६७ सालीं, पंधरा वर्षांनीं, बाजारांत आणला. शहाण्या हिशेबनिसानें त्यांस वेड्यांत काढलें असतें. त्या मालाची पद्धत पुढें ह्या घराची ओळख होऊन बसली.

आतां आमच्या मूळ प्रश्नाकडे. नेपोलियनच्या १८०४ सालच्या कायद्यानें फ्रान्सांत बापाची मिळकत सर्व मुलांस, मुलगे व मुली असा भेद न करतां, सारखी वांटून देणें भाग आहे. (आपल्याकडे हिंदु कन्येस पित्याच्या एकत्र मिळकतींत जन्मतः मुलाइतका हक्क मिळाला तो २००५ सालीं!) ह्या समान वांटणीचा शांपेनवर झालेला परिणाम पाहण्यासारखा आहे. तेथें सुमारें ३४,००० हेक्टर द्राक्षभूमि असून ती सुमारें १६,००० शेतकऱ्यांत विभागलेली आहे. म्हणजे सरासरीनें एकास दोन हेक्टरांहून थोडी अधिक, आणि तीहि चार ठिकाणीं तुकड्यातुकड्यांनीं. तेव्हां वांटणीचा रोग तेथेंहि आपल्यासारखाच. बोलिंजरांकडे मात्र सुमारें १८० हेक्टर आहे, आणि त्यांस लागणाऱ्या द्राक्षांचा अर्ध्याहून अधिक भाग त्यांतूनच निघतो. मोठ्या पेढ्यांत हें दुर्मिळ आहे.

त्यांनीं केलें तें एवढेंच कीं, वांटे माणसांचे पाडले, मातीचे पाडले नाहींत. जमीन, तळघर व नांव हीं एका मंडळीच्या मालकीचीं, आणि मंडळीचे भाग घराण्याच्या निरनिराळ्या शाखांकडे. वारसाचा हक्क बुडत नाहीं. तो कागदावर त्याच्या पेटींत असतो. मात्र त्या हक्काच्या जोरावर विहिरीवर बांध घालतां येत नाहीं. आणि कारभारी कोण, हें रक्ताच्या जवळिकीवर न ठरतां लायकीवर ठरत आलें. लिलीबाईंस मूल नव्हतें; १९७१ सालीं त्यांनीं कारभार दिला तो भाचीच्या यजमानांकडे, क्लोद दोतफय ह्यांजकडे. १९७७ सालीं बाई वारल्या. १९७८ पासून त्यांचा भाचा क्रिस्तियाँ बिझो, १९९४ पासून मूळ पुरुषाचा पणतू गिस्लँ द मोंगोल्फिए; आडनांवांवरूनच दिसतें कीं हीं सारीं माणसें लेकीबाळींच्या बाजूनें आलेलीं. २००८ सालीं तर जेरोम फिलिपों हा घराण्याबाहेरचा पहिला कारभारी नेमला गेला. मालकी एका घरीं व कारभार दुसऱ्याच्या हातीं, हा प्रकार सातारा व पुणें ह्यांचा इतिहास वाचलेल्या माणसास नवा नाहीं. त्यांतले धोकेहि त्यास सांगावयास नकोत.

आमच्या शास्त्रांचा येथें विचार केल्यावांचून राहवेना. याज्ञवल्क्यानें निपुत्रिकाच्या धनाचा पहिला वारस म्हणून पत्नीचें नांव घेतलें आहे, भावाचें नाहीं. विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत त्यास मर्यादा घातली कीं, हें विभक्त झालेल्या पुरुषापुरतेंच; एकत्र कुटुंबांतल्या विधवेस पोटगीवांचून कांहीं नाहीं. म्हणजे लिलीबाई आमच्या पणजोबांच्या घरांत असत्या तर त्यांच्या वांट्यास मळा आला नसता, माजघरांतला एक कोपरा आला असता. आमच्या आत्याबाई तशाच एका कोपऱ्यांत पन्नास वर्षें राहिल्या. वाडींतल्या प्रत्येक माडाचें वय त्यांस ठाऊक होतें. त्यांस कोणीं कधीं कांहीं विचारलें नाहीं.

बोलिंजरांच्या बाबतींत दैवहि अनुकूल होतें हें सांगितलें पाहिजे. वारस फार झाले नाहींत, आणि ज्या पिढींत फूट पडली असती त्या पिढींत कारभार एका करारी बाईच्या हातीं होता. सर्वांस हें साधलें नाहीं. क्लिको बाईंचें घर केव्हांच एका अवाढव्य कंपनीच्या पोटांत गेलें. क्रुगसारखें जुनें घराणेंहि १९९९ सालीं तिकडेच गेलें. शांपेनची जमीन आज हेक्टरी दहा लाख युरोंच्या घरांत विकली जाते. वारसास कर भरावा लागतो. तेव्हां एखाद्या भागीदारास विकण्याचा मोह होणें अगदीं स्वाभाविक आहे. आणि जुन्या मुळांच्या ज्या तुकड्यांविषयीं वर लिहिलें, त्यांतला बूझी गांवचा तिसरा तुकडा २००४ च्या सुमारास त्याच किड्यानें शेवटीं खाल्ला. शंभर वर्षें वांचला होता.

हा मजकूर आम्हीं गणपतींत सर्व भाऊबंद जमले असतां वाचून दाखविला. पुतण्याचें म्हणणें असें कीं, अकरा वांटे पुन्हां एकत्र करून आपणहि अशीच एक मंडळी स्थापावी. दादरचे आमचे वडील चुलतबंधु म्हणाले, “कागदावरचा नारळ फोडतां येत नाहीं.” ह्यावर पुष्कळ वाद झाला व आरतीची वेळ झाल्यानें तहकूब राहिला. धाकट्या चुलतभावाची कन्या दापोलीस शेतकी शिकली आहे. ती सबंध वेळ कांहीं बोलली नाहीं. दिवाळीपूर्वीं तिनें कोणासहि न विचारतां विहिरींतला गाळ काढविला, मोडक्या रहाटाच्या जागीं पंप बसविला, आणि झालेल्या खर्चाचे सारखे अकरा भाग करून प्रत्येकास पावतीसह पत्र पाठविलें. हें लिहीत असतांना दहा जणांचे पैसे पोंचले आहेत. दादरचे यावयाचे आहेत.